तीनशे बोटुकल्या

१

एकोणीसशे एक्याऐंशी साल, मार्चचा दुसरा आठवडा. थंडी सरली होती आणि ऊन अजून तापलं नव्हतं. तळ्यात नवं बीज सोडायची हीच वेळ.

मी त्या तळ्याचा राखणदार होतो. एकवीस वर्षं ते काम केलं, त्याआधी वीस वर्षं जाळी विणली. शाळेत पाच वर्षं गेलो. मोजायला शिकलो, तेवढं मला पुरलं. काठावर मत्स्यखात्याने दिलेलं दोन खोल्यांचं घर होतं. पुढे दगडी पायरी, पायरीपासून तीस पावलांवर लाकडी धक्का, धक्क्याशेजारी होडी ठेवायची पत्र्याची शेड. घरात मी आणि बायको, दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती.

बीज गाडीने यायचं. बोटाएवढी वाढवलेली माशांची पिल्लं, त्यांना बोटुकल्या म्हणतात. पाण्याने अर्ध्या भरलेल्या मोठमोठ्या पिशव्यांत त्या यायच्या. आल्या आल्या सोडायच्या नसतात. पिशवी बंदच ठेवून तळ्यात तरंगत ठेवायची. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका उबेचं झालं की तोंड उघडायचं आणि तळ्याचं पाणी ओंजळीने आत घ्यायचं. मग त्या आपणहून बाहेर पडतात. घाई केली की उलट्या होऊन तरंगतात. माझ्या हातून कधी तरंगल्या नाहीत.

बाहेर पडल्यावर दोन-तीन आठवडे त्या काठालाच राहतात. लपायचं कुठे हे त्यांना ठाऊक नसतं. एका जागी थव्याने गोल फिरत राहतात. हे पाणकावळ्यांना माहीत असतं. आमच्या तळ्यात मध्यावर एक बुडालेलं वाळकं झाड होतं. बीजाची गाडी वळणावर दिसली की पाणकावळे त्या झाडावर येऊन बसायचे. गाडी ओळखायचे ते.

आदल्या वर्षी वीस हजार सोडल्या होत्या. महिन्याने जाळं टाकलं तेव्हा ओंजळभर निघाल्या. खात्याचे साहेब धक्क्यावर उभे राहून म्हणाले, "तुम्ही मासे राखता की पाखरं पाळता?" त्यांच्याबरोबर आलेली माणसं हसली.  ते मी विसरलो नाही.

२

या वर्षी मी उथळ पाण्यात बांबू रोवले आणि बांबूंवरून आडवी-उभी दोरी ताणली. बगळे बिचकले. ते काठावर उभे राहून माना वाकड्या करून बघायचे आणि निघून जायचे. पाणकावळा मात्र पाण्याखालून येतो, त्याला दोरीची पर्वा नसते.

दहाव्या दिवशी सकाळी एक अडकला. वर येताना पंख दोरीत गुंतला होता. त्याच वेळी गाडीचा ड्रायव्हर रिकाम्या पिशव्या न्यायला आला होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याला हळू बोलता येत नसे.

"काका, मुंडी पिरगळा आणि द्या टाकून!" तो धक्क्यावरून ओरडला.

मी पाखराला काखेत दाबून बाहेर आणलं. जड होतं. त्याचा डोळा हिरवा, काचेसारखा. तो माझ्याकडे बघत होता. फडफड नाही, चोच मारणं नाही. मला त्याचाच राग आला.

मी खिशातून सुती दोरी काढली, जाळ्याच्या कडेला घालतो ती. त्याच्या गळ्याभोवती फिरवली, खाली दोन बोटं जातील इतकी सैल ठेवली आणि गाठ मारली. ती गाठ माझी आहे. एकदा बसली की सुटत नाही, कापावीच लागते. तशी गाठ घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

भोंगा हसत सुटला. "हा कुठं निघाला आता, लग्नाला? टाय बांधलात की!"

"टाय नाही, कुलूप. मासा धरेल, गिळता येणार नाही. बाकीचे बघतील."

बायको पायरीवर भांडी घासत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "मारायचा तर मारा, सोडायचा तर सोडा. हे मधलंच काय?"

"शिकवतोय त्याला."

"तुम्ही शिकवणार! चौथीत दोनदा बसलेले."

भोंगा आणखी हसला. मी पाखराला तोंडासमोर धरलं. एक पाखरू दिवसाला तीस तरी खातं, आणि दहा दिवस झाले होते. मी म्हटलं, "तीनशे खाल्ल्यास माझ्या. तीनशे आणून दे, मग गळा मोकळा करतो. एकही कमी चालणार नाही."

"मोजायला खडू देऊ का, काका?" भोंग्याने खिशातून खडूचा तुकडा काढून माझ्याकडे टाकला. पिशव्यांवर खुणा करायला तो खडू बाळगायचा.

मी पाखराला सोडलं. ते पाण्यावरून सरळ वाळक्या झाडाकडे गेलं. तिथे बसून त्याने पंख उघडले आणि मान दोन-तीनदा वरखाली केली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक बोटुकली पडलेली. मेलेली, पण अंगावर ओरखडा नाही. खवलं जागच्या जागी. डोकं घराकडे.

पाणकावळ्याच्या चोचीला पुढे आकडा असतो. त्याने धरलेल्या माशावर खूण राहतेच. मी ती उचलून उलटसुलट बघितली.

बायको मागून म्हणाली, "घ्या. पहिला हप्ता आला."

"मांजराने टाकली असेल."

"मांजर टाकून जाईल? मासा?"

तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी चार. एका ओळीत, सगळ्यांची डोकी घराकडे. वाटलं, भोंग्याची मस्करी. पण भोंगा तीन तासांच्या वाटेवर राहायचा आणि त्या आठवड्यात गाडी आलीच नव्हती.

मी शेडच्या दारावर आतून खडूने रेघा मारायला लागलो. चार उभ्या आणि एक आडवी. का मारल्या ते विचारू नका. मी म्हणालो होतो तीनशे, म्हणून मोजलं.

४

तळ्यावर एक गोष्ट नीट नव्हती. ती कोणती हे कळायला मला चार दिवस लागले.

पाणकावळे पंख उघडून बसतात ते वाळवायला. बुडी मारतात, वर येतात, पंख पसरून उन्हात धरतात, वाळले की मिटतात. एकवीस वर्षं मी तेच बघत होतो. आता वाळक्या झाडावर ते सगळे पंख उघडून बसलेले असायचे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पण पाण्यात उतरताना मी एकालाही पाहिला नाही. पंख कोरडेच होते. आणि तोंडं सूर्याकडे नव्हती, आमच्या घराकडे होती.

मी ते मोजले. एक्केचाळीस. गळ्यात दोरी असलेला मधल्या फांदीवर.

साहेब आले. होडीतून फिरले. काठाला बोटुकल्यांचे थवे बघितले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय केलंत हो? एकही पाखरू खात नाहीये. दुसऱ्या तळ्यांवर तुम्हाला शिकवायला न्यायला पाहिजे."

"थोडी शिस्त लावली," मी म्हणालो.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

५

दोरी बांधल्यापासून नवव्या दिवशी तो मेला. धक्क्याखाली लाकडाला टेकून तरंगत होता. मी काढून घेतला तर हाताला नुसती हाडं लागली. दोरी पिसांत दिसेनाशी झाली होती. जिथे दोन बोटं जात होती तिथे नखही शिरेना.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"सैल बांधली होती म्हणालात."

"सुती दोरी ओली झाली की आवळते. विसरलो."

 मी शेडच्या मागे हातभर खड्डा खणला आणि त्याला दोरीसकट पुरला. शेडमध्ये येऊन दार बंद केलं, रेघा मोजल्या. एकतीस. आता प्रश्नच मिटला, असं म्हणून खडू फळीवर ठेवून दिला.

दुपारी जेवताना बायकोला ठसका लागला. पाणी दिलं. पाणी आत जाईना, नाकातून परत आलं. थोड्या वेळाने सावरली. "घास मोठा घेतला," ती म्हणाली आणि गळ्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर सहा बोटुकल्या होत्या. सहाही जिवंत. कल्ले उघडत-मिटत होते.

मी धक्क्यावर जाऊन झाडावरचे पाणकावळे मोजले. एक मेला म्हणजे चाळीस हवेत. एक्केचाळीस होते. दुसरीकडून एखादा आला असेल, पाखरं येतात-जातात. मी पुन्हा मोजले आणि घरी आलो.

खडू फळीवरून काढला. सहा रेघा मारल्या.

६

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. आजही नाही. कोणीतरी करत होतं, आणि कोणी करतं म्हणजे त्याचे पाय उमटतात.

मी वाळू चाळून घेतली. झोपायच्या आधी पायरीवर आणि पायरीपुढे पाच हात पसरली, फळीने सपाट केली. सकाळी उठून बघितलं तर वाळू होती तशीच. तिच्यावर मांजराचा, माणसाचा, पाखराचा पाय नाही. मधोमध सात बोटुकल्या, ओळीने. त्यांच्याखालची वाळू तेवढी ओली.

आदल्या दिवशीच्या सहा मी तळ्यात परत सोडल्या होत्या, तसंच केलं. ओंजळीत घेऊन गेलो. हात पाण्यात बुडवला की त्या निघून जायच्या. मागे वळून झाडाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. वळायचो.

मग एक दिवस वाटलं, बायकोच करत असेल. मला धडा शिकवायला. ती तशी होती. मी तिला सरळ विचारलं.

"माझे गुडघे बघा," ती म्हणाली, "आणि मी पहाटे तळ्यात उतरून मासे धरते म्हणता? हाताने? अहो, मला अंथरुणातून उठवायला तुम्ही लागता." ती हसली, आणि हसताहसता तिला ठसका लागला. तो थांबायला फार वेळ लागला. थांबल्यावर ती भिंतीला धरून उभी राहिली. तिच्या गळ्यातून एक आवाज आला, जाड आणि घोगरा. तो आवाज मी रोज तळ्यावर ऐकत होतो.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी कुठं काय म्हणाले?"

७

एप्रिलच्या मध्याला ती घन खाणं सोडून बसली. दुधात भिजवलेला पावही उतरेना. मी तिला बसने डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरची खोली स्वच्छ होती, भिंतीवर कापलेल्या माणसाचं चित्र. त्याने कपाळावर दिवा लावला, तिच्या तोंडात चमचा घातला, बराच वेळ बघितलं. मग गळा बाहेरून दाबला, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मग फोटो काढून आणायला सांगितलं. फोटो खिडकीला धरून तोही बघितला.

"आत काही नाही," तो म्हणाला. "गाठ नाही, सूज नाही. पण इथून पुढे जागाच नाही. बाहेरून कोणी आवळून धरल्यासारखी."

"बाहेर तर काहीच नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय. आजी, गळ्यात काही घट्ट घालता का?"

"या वयात?" ती म्हणाली. "हौस राहिली नाही हो."

डॉक्टर हसला. मी हसलो नाही. तिने पदर गळ्याशी घेतला होता. तो सरकला तेव्हा मला दिसलं. कातडीवर वळ नव्हता, खूण नव्हती. पण गळ्याभोवती एका रेषेत कातडी आत गेली होती, उशी दोरीने बांधावी तशी.

"पातळ देत राहा," डॉक्टर म्हणाला. "आणखी बारीक झालं तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. उतरायच्या जरा आधी म्हणाली, "किती झाल्या?"

"काय किती?"

"शेडच्या दारावर. मी बघितल्यात रेघा."

"एकशे दहा."

तिने मान हलवली, भाजीचा भाव ऐकावा तशी.

८

मग बोटुकल्या घरात यायला लागल्या.

मी दाराला आतून दोन कड्या लावल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी ठोकली, बारीक वीण, माझ्या हाताची. मोरीच्या भोकावर दगड ठेवला. मी घर तपासलं ते होडी तपासतात तसं, फटीफटीने.

दुपारची वेळ. बायको आतल्या खोलीत पडली होती, मी तिच्या उशाशी स्टुलावर. ऊन जमिनीवर चौकोनात पडलेलं. स्वयंपाकघरातून आवाज आला. ओलं कापड झटकल्याचा. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

बायकोने डोळे उघडले. "कपडे कोण झटकतंय?"

"कोणी नाही. पड तू."

"चादर झटकावी तसं."

मी उठलो. दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं, पडदा होता. तो बाजूला करायला मला जितका वेळ लागायला हवा होता त्याहून जास्त लागला. स्वयंपाकघर रिकामं होतं. कड्या लागलेल्या, जाळी जाळीच्या जागी, दगड दगडाच्या. टेबलावर अकरा बोटुकल्या ओळीने ठेवलेल्या, कल्ले हलत होते. डोकी तिच्या खुर्चीकडे.

खुर्चीच्या पाठीवर पाणी होतं. ते लाकडावरून खाली ठिबकत होतं, आणि फरशीवर थेंब पडल्याचा आवाज त्या घरात दुसरं काही ऐकू येऊ देत नव्हता.

मी बोटुकल्या भांड्यात घेतल्या, तळ्यात सोडल्या, शेडमध्ये जाऊन अकरा रेघा मारल्या.  एक रेघ वाकडी आली ती पुसून पुन्हा मारली.

९

मे लागला. दारावर दोनशे साठ रेघा झाल्या होत्या.

त्या दिवशी मी बांबू काढायला उतरलो होतो. बोटुकल्या आता मोठ्या झाल्या होत्या, खोल पाण्यात गेल्या होत्या. मान वर केली तर बायको पायरीवर उभी. ती आठवडाभर आधाराशिवाय उठली नव्हती. तोंड उन्हाकडे, डोळे मिटलेले, दोन्ही हात बाजूंना पसरलेले. कोपरातून जरा वाकवलेले, पंजे सैल सोडलेले. पदर हातावरून लोंबत होता. ती हलत नव्हती.

मागे वळून बघितलं. झाडावर एक्केचाळीस, सगळे तसेच.

मी पाण्यातून धावत आलो. "अगं, काय करतेस?"

"बरं वाटतं असं," ती म्हणाली. डोळे उघडले नाहीत. "अंग ओलं ओलं लागतं सारखं."

तिचं अंग कोरडं होतं. मी तिचे हात खाली केले. सोपं गेलं नाही.

आत नेऊन निजवलं तेव्हा ती म्हणाली, "एक ऐका. सोडून द्या त्याला. म्हणा, झालं, फिटलं, आता आणू नकोस."

"तो मेलाय."

"मग मेलेल्याला म्हणा. तुमचं काय जातं?"

मी खिडकीकडे बघत बसलो. माझं काय जात होतं? चाळीस उरल्या होत्या. मी म्हणालो होतो तीनशे. भोंग्यासमोर म्हणालो होतो, तिच्यासमोर म्हणालो होतो. बोललेलं मी फिरवत नाही. आयुष्यभर लोकांनी माझं तेवढंच एक मानलं.

"आठवडाभराचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "पुरे होतील. मग सुटेल."

"कोण?" तिने विचारलं.

१०

बारा तारखेला दोनशे नव्व्याण्णव झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत उठलो. तिचं तोंड पुसलं, केस विंचरून दिले. पायरीवर काही नव्हतं. टेबलावर काही नव्हतं. मी पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, होडीत, शेडमध्ये, भांड्यांत. दुपारभर कापड झटकल्याच्या आवाजाची वाट बघितली. माणूस कशाची वाट बघेल सांगता येत नाही.

आली नाही. चौदाला नाही. पंधराला नाही.

तिला आता पाणीही चमच्याने लागायचं, आणि चमच्यातलं अर्धं परत यायचं. बोलणं म्हणजे नुसती हवा. डॉक्टर स्वतः आला, बघितलं, मला बाहेर बोलावलं. "सोमवारी मोठ्या दवाखान्यात न्या. गळ्याला भोक पाडून नळी घालतील. त्या आधी काही झालं तर माझ्या हातात नाही." तो शनिवार होता.

मी धक्क्यावर गेलो. मी तळ्यात उतरून स्वतःच एक धरावी आणि पायरीवर ठेवावी, हेही मनात आलं. हसू नका. जाळं हातात घेतलं होतं. मग वाटलं, ही मी मोजू शकणार नाही.

झाडाकडे बघून मी ओरडलो, "एक राहिलीय! एक!"

एक्केचाळीस पाखरांनी मान वरखाली केली, एकदम. गिळायला जमत नसलं म्हणजे करतात तशी.

११

आत आलो. बायको उशीला टेकून बसली होती. तिने बोटाने मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"दोरी आवळते," ती म्हणाली. एकेक शब्दाला वेळ लागत होता. "ते विसरला होतात. खरंच?"

मी वीस वर्षं जाळी विणली. सुती दोरी पाण्यात जायच्या आधी किती सैल सोडायची, हे माझे हात झोपेत सांगतील. आवळते म्हणून तर जाळ्याच्या कडेला मी तीच घालतो. धक्क्यावरची माणसं हसली होती ते मी विसरलो नव्हतो, आणि हे विसरलो होतो?

"नाही," मी म्हणालो. "ठाऊक होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षांत तिने मला पुष्कळदा रागाने बघितलं होतं. हे तसं नव्हतं. मग तिने तोंड भिंतीकडे केलं.

मी फावडं घेतलं आणि जाळी कापायचा चाकू घेतला. शेडच्या मागे गेलो. ऊन डोक्यावर होतं, माती भाजलेल्या विटेसारखी. हातभर खणलं. पीस नाही. हाड नाही. चोचही नाही, आणि चोच इतक्यात जात नाही. कोणी उकरल्याची खूणही नव्हती. वरची माती माझ्याच फावड्याने थोपटलेली होती तशी.

तळाशी फक्त दोरी होती. माझी दोरी, माझी गाठ. फास नाण्याएवढा झालेला. कोरड्या मातीत ती चिंब ओली होती, आणि हातात घेतली तेव्हा कोमट लागली. बोटांखाली ती हलत होती. आवळत होती, सुटत होती, आवळत होती, कोणी आतून घोट घ्यायचा प्रयत्न करावा तशी.

एक कमी होती. मी म्हणालो होतो, एकही कमी चालणार नाही.

मी चाकू घातला. मी माझी गाठ आयुष्यात कधी कापली नव्हती. दोरी तुटली.

मागे तळ्यावर एकदम आवाज झाला, खूप ओल्या चादरी एकदम झटकाव्यात तसा. वळून बघितलं तर झाड रिकामं होतं. पाणी ठिकठिकाणी फाटलं होतं.

आणि घरातून बायकोचा आवाज आला. शब्द नव्हता तो.

१२

ती मोरीशी वाकली होती, दोन्ही हात भिंतीला टेकून. पाठ उचलत होती, पडत होती. खोलीत तळ्याचा वास भरला होता, चिखलाचा आणि शेवाळ्याचा. मी दारात असताना तिच्या मागे, खुर्चीच्या पलीकडे, काहीतरी काळं आणि उंच मिटलं. छत्री मिटावी तसं. मी तिकडे बघितलं तेव्हा तिथे खुर्चीच होती.

मी तिला धरलं. तिचं अंग एकदा जोरात आवळलं आणि सैल पडलं. मोरीत काहीतरी पडलं.

तिने भिंतीला पाठ टेकली. हाताने खूण केली. मी पेला भरून दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि प्यायली. एक घोट, दुसरा, तिसरा. पेला संपेपर्यंत थांबली नाही. गळ्यातून पाणी खाली उतरताना मला ऐकू येत होतं.

"आणखी," ती म्हणाली. तिच्या स्वतःच्या आवाजात.

मी आणखी दिलं. मग मोरीत वाकून बघितलं.

बोटुकली होती. बोटाएवढीच, मार्चमध्ये सोडली तेव्हा होती तेवढी. तळ्यातल्या आता वितीएवढ्या झाल्या होत्या. ती जिवंत होती. अंगावर ओरखडा नव्हता.

मी तिला ओंजळीत घेऊन धक्क्यावर गेलो आणि पाण्यात सोडलं. शेडमध्ये आलो. फळीवरून खडू घेतला आणि शेवटची रेघ मारली.

तीनशे.